पुन्हा पुन्हा भरणारे नाके : ‘फार क्राय २’च्या बाजूने

खंडनाची आपल्याकडची जुनी शिस्त अशी, की पूर्वपक्ष आधी मांडायचा आणि तो प्रतिपक्षालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचा. ‘फार क्राय २’ या व्हिडिओ गेमच्या वाट्याला ही शिस्त फारशी आली नाही. विरोधकांनी त्याला ‘बोअर’ म्हणून निकालात काढलं आणि चाहत्यांनी विरोधकांना ‘तुम्हाला कळलाच नाही’ म्हणून. हा वाद पुन्हा उघडावा असं मला वाटतं, कारण त्यात एका गेमच्या बऱ्यावाईटापेक्षा मोठा प्रश्न अडकलेला आहे. खेळणाऱ्याला त्याच्या मनासारखं जग देणं एवढंच गेमचं काम आहे का, हा तो प्रश्न.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला ‘फार क्राय’ २००४ मध्ये क्रायटेक या जर्मन कंपनीनं केला. निळा समुद्र, हिरवी बेटं, जॅक कार्व्हर नावाचा बेडर नायक आणि उत्तरार्धात प्रयोगशाळेतून सुटलेले राक्षसी प्राणी असा त्याचा थाट. पुढे हे नाव युबीसॉफ्टकडे आलं आणि त्यांच्या माँट्रियलच्या स्टुडिओनं ऑक्टोबर २००८ मध्ये दुसरा भाग बाजारात आणला. क्लिंट हॉकिंग हा त्याचा मुख्य दिग्दर्शक. या दुसऱ्या भागात पहिल्याचं नाव सोडून जवळजवळ काहीच उरलं नाही. बेटं गेली, प्राणी गेले, नायक गेला. त्याजागी आफ्रिकेतला एक काल्पनिक देश आला, त्यातली यादवी आली आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन सशस्त्र गट आले : यूएफएलएल आणि एपीआर. दोघांनाही बंदुका विकणारा एकच माणूस, ‘द जॅकल’. त्याला मारण्यासाठी पैसे घेऊन आलेला भाडोत्री सैनिक म्हणजे आपण. फिरायला सुमारे ५० चौरस किलोमीटरचा सलग मुलूख : माळ, जंगल, नद्या, वाळवंटाच्या कडा.

आता पूर्वपक्ष. पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप नाक्यांचा. या मुलखात रस्त्यांच्या प्रत्येक फाट्यावर सशस्त्र माणसांचा नाका आहे. तो लढून मोकळा करावा, थोडं पुढे जावं, परत यावं, तर तिथे नवी माणसं उभी. दुसरा आक्षेप बंदुकांचा. त्या गंजतात, ऐन वेळी अडकतात आणि शेवटी हातात फुटतात. तिसरा हिवतापाचा. नायकाला मलेरिया झालेला आहे, त्याची उबळ अधूनमधून येते, डोळ्यांपुढे पिवळट धुरकट होतं आणि गोळी घ्यावी लागते. चौथा आक्षेप असा, की ज्या गटासाठी आपण काम करतो त्याचेही सैनिक आपल्याला दिसताक्षणी गोळ्या घालतात. पाचवा, की इतक्या सुंदर मुलखात करण्यासारखं फारसं काही नाही. लांबचा प्रवास, एक चकमक, पुन्हा लांबचा प्रवास. या सगळ्यावरून पूर्वपक्षाचा सिद्धान्त निघतो तो असा : दिसायला देखणा, पण रचनेत चुकलेला गेम. त्याच्या चुका २०१२ मधल्या ‘फार क्राय ३’नं दुरुस्त केल्या आणि तिथून ही मालिका खऱ्या अर्थानं उभी राहिली.

हे मत परदेशात जितकं रुळलं आहे तितकंच नाशिकमध्येही. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेंमध्ये काउंटर-स्ट्राइकच्या पाळ्या लागायच्या त्या काळात मी ते ऐकलं आणि तासावर पैसे घेणाऱ्या आजच्या प्लेस्टेशनच्या पार्लरमध्येही तेच ऐकतो. तिथला एक मुलगा मला तळमळीनं म्हणाला, “सर, नाका साफ केला, गाडी वळवली, तर परत तेच लोक! म्हणजे मी केलं ते काय वाया गेलं?” हा प्रश्न मला या गेमवरच्या पुष्कळ छापील परीक्षणांपेक्षा मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर द्यायलाच हवं.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘फार क्राय २’ प्रसिद्ध झाला तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपलेलं नव्हतं. मेटाक्रिटिकवर त्याचे सरासरी गुण शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. फूट पडली ती नंतर, खेळणाऱ्यांमध्ये. टॉम बिसेल या अमेरिकन लेखकानं २०१० मध्ये ‘एक्स्ट्रा लाइव्ह्ज’ या पुस्तकात या गेमवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. त्याच सुमाराला हजारो खेळाडू तो अर्ध्यावर टाकून देत होते. अपयशी गेमवर पुस्तकातलं प्रकरण कुणी लिहीत नाही आणि निर्दोष गेम इतके लोक अर्ध्यावर सोडत नाहीत. म्हणून इथे दोन्ही बाजूंकडे नीट पाहावं लागतं.

चाहत्यांचं एक नेहमीचं उत्तर मला आधीच बाजूला ठेवायचं आहे. ते म्हणतात, युद्ध कंटाळवाणं असतं, म्हणून गेमही कंटाळवाणा केला. हे समर्थन लंगडं आहे. कंटाळ्याचं चित्रण करताना वाचकाला कंटाळा आणणं ही कादंबरीतही कला मानली जात नाही, तर गेममध्ये का मानावी? शिवाय ते खरंही नाही. ज्यांनी हा गेम मन लावून खेळला आहे त्यांना ठाऊक आहे, की त्यातली चकमक जितकी जिवंत वाटते तितकी या जातीच्या फार थोड्या गेममध्ये वाटते. का वाटते, हे एक चकमक जवळून पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

दुपारची वेळ. नदीच्या वळणावर पत्र्याच्या दोन शेड, वाळूच्या गोण्या, एक जीप, पाच-सहा माणसं. आपण वरच्या टेकाडावर गवतात बसून दुर्बिणीतून पाहतो. दारूगोळ्याचा ढीग कुठे आहे, गॅसच्या टाक्या कुठे, मशीनगनवर कोण बसलंय. बेत सरळ आहे. लांबून मशीनगनवाल्याला टिपायचं, ढिगावर एक गोळी घालायची, गोंधळात खाली उतरायचं. पहिली गोळी बरोबर लागते. दुसरी सुटतच नाही, बंदूक अडकलेली असते. खटका आपटून ती मोकळी करेपर्यंत खालच्यांना आपली जागा कळते आणि जीप टेकाडाच्या दिशेनं निघते. हातात असतं ते फेकतो, पेट्रोलची बाटली. जीप थांबते, पण गवत पेटतं आणि वारा आपल्याकडे असतो. आता मागे आग, पुढे बंदुका. पळत नदीकडे निघावं तर पायात गोळी लागते. झुडपाआड बसून नायक चिमट्यानं ती उपटून काढतो आणि ते तेवढे क्षण आपल्याला पाहत बसावं लागतं. मग एका मेलेल्या सैनिकाची गंजकी रायफल उचलून, ती किती गोळ्या टिकेल हे माहीत नसताना, आपण धुरातून शेडकडे धावतो.

यातलं एकही दृश्य कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते चार-पाच यंत्रणांच्या टकरीतून घडलं आणि पुन्हा तसंच घडणार नाही. आगीची यंत्रणा तर मुद्दाम पाहण्यासारखी आहे. जमिनीचे लहान लहान चौकोन पाडलेले असतात. पेटलेला चौकोन शेजारच्याला तापवतो. तो किती लवकर पेट घेईल हे तिथल्या गवताझाडांवर आणि वाऱ्याच्या दिशेवर ठरतं. एकदा जळालेला चौकोन पुन्हा पेटत नाही. नाशिकच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ब्रह्मगिरीच्या किंवा अंजनेरीच्या उतारावर वणवा लागतो तेव्हा वाळक्या गवतातून आग वारा नेईल तिकडे पळते आणि आधीच जळून काळ्या पडलेल्या पट्ट्यापाशी येऊन थांबते. वनखात्याच्या जाळरेषा याच तत्त्वावर काढतात. ‘फार क्राय २’मध्ये आगीत सापडलो तर जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर उडी घ्यायची, हे मला कुठल्याही सूचनेशिवाय सुचलं.

आता बंदूक अडकण्याचा आक्षेप घ्या. वरच्या प्रसंगातून अडकलेली बंदूक काढून टाका. काय उरतं? पहिली गोळी, दुसरी गोळी, स्फोट, विजय. बेत तसाच्या तसा पार पडला, तर गोष्ट घडतच नाही. हॉकिंगनं हे विचारपूर्वक केलं होतं आणि त्याचा पुरावा त्याच्याच व्याख्यानांत आहे. २००६ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये तो खेळणाऱ्यानं हेतू ठरवून, आखून खेळण्याबद्दल बोलला होता. २००९ मध्ये, ‘फार क्राय २’ येऊन गेल्यावर, त्याच व्यासपीठावरून त्यानं सांगितलं की आखलेला बेत छोट्या छोट्या अपयशांनी मोडला की खेळणारा सुचेल तसं, हाताला लागेल त्यानं मार्ग काढू लागतो आणि या गेमचा जीव तिथे आहे. अपयश छोटं हवं. बंदूक अडकल्यानं आपण मरत नाही, बेत मरतो. जखम आपल्याला संपवत नाही, लपायला लावते. हिवतापाची उबळही त्याच जातीची.

इथे विरोधक म्हणतील, हेतू कितीही शहाणा असो, खेळणाऱ्यांना ते आवडलं नाही, मग रचना चुकलीच. या युक्तिवादाची परीक्षा घ्यायला २०१७ साल सोयीचं आहे. त्या वर्षी निन्टेन्डोचा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा झेल्डा मालिकेतला गेम आला. त्यात तलवारी आणि धनुष्यं वापरता वापरता मोडतात, गवत पेटतं आणि वाऱ्याबरोबर आग पसरते, बेत मोडतात, हाताला येईल ते उचलून लढावं लागतं. शस्त्रं मोडण्याबद्दल तिथेही कुरकुर झाली. तरी द गेम अवॉर्ड्समध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला आणि त्याच्या या मोडतोडीची तारीफ झाली. जी गोष्ट २००८ मध्ये चूक होती ती २०१७ मध्ये गुण कशी झाली? एकतर दोन्ही वेळा चूक, नाहीतर दोन्ही वेळा गुण. फरक एवढाच की झेल्डा रंगीत आहे, त्यातलं जग आपल्यावर प्रेम करतं. ‘फार क्राय २’मधलं जग करत नाही.

पार्लरमधल्या त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर याच्या पुढे आहे. नाका मोकळा केला तो वाया का गेला?

‘फार क्राय ३’नं या प्रश्नाचं काय केलं ते आधी पाहावं. तिथे उंच मनोऱ्यांवर चढलं की नकाशाचा एकेक भाग उजळतो. शत्रूची ठाणी जिंकली की ती कायमची आपली होतात, त्यांच्यावर आपल्या बाजूचे लोक उभे राहतात, आसपासचे रस्ते सुरक्षित होतात. शेवटी सगळा नकाशा आपल्या रंगाचा होतो. हे सुखद आहे, मीही ते सुख घेतलं आहे. पण त्या सुखाचं स्वरूप काय? परक्या बेटावर सुट्टी घालवायला आलेला एक अमेरिकन तरुण काही तासांत तिथल्या भूमीचा मालक होतो. पुढे २०१४ मधल्या चौथ्या भागात हिमालयातल्या काल्पनिक क्यरातमध्ये हाच आराखडा आला आणि नंतर युबीसॉफ्टच्या इतर मालिकांतही तो इतका पसरला, की लोकांना त्याचाच वीट आला. ज्याला दुरुस्ती म्हटलं तीच पुढे तक्रार झाली.

‘फार क्राय २’ हे मालकीचं सुख ठरवून नाकारतो. तिथे कुठलीही जागा आपली होत नाही. विश्रांतीची काही घरं मिळतात, तेवढीच. नकाशासुद्धा पडद्यावर तरंगत नाही. तो नायकाच्या हातात धरलेला कागद असतो आणि तो पाहताना जग थांबत नाही. गाडी चालवत नकाशा पाहायचा तर एक डोळा रस्त्यावर ठेवावा लागतो. नाके पुन्हा भरतात कारण ज्या देशात दोन गटांना एकच व्यापारी हत्यारं पुरवतो, तिथे पाच माणसं मारल्यानं माणसं संपत नाहीत. संपते ती रस्त्यावरची आपली तेवढी वेळ. त्या मुलाला मी हेच सांगितलं. तू केलंस ते वायाच गेलं आणि गेम तुला तेच सांगतोय. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “पण मग खेळायचं कशाला?” गेमचा नायकही शेवटाकडे याच प्रश्नापाशी येतो.

मात्र नाक्यांचं समर्थन मी एका मर्यादेपर्यंतच करतो. नाके भरायचं अंतर फार कमी ठेवलं आहे. जीप घेऊन पाठलाग करणारे सैनिक प्रत्येक फाट्यावर तसाच पाठलाग करतात आणि त्यांची नजर झुडपांच्या पार जाते. हे तपशील ढिले आहेत, अंतर दुप्पट असतं तरी अर्थ तोच राहिला असता. तत्त्व बरोबर असूनही माप चुकू शकतं आणि इथे ते चुकलं. पण मापाची चूक दाखवून तत्त्वच फेकून देणं, ही ‘फार क्राय ३’नंतर रूढ झालेली रीत मला मान्य नाही.

आपल्याच बाजूचे लोक गोळ्या घालतात, या आक्षेपाचंही असंच. गेम त्याला कारण देतो. आपण दोन्ही गटांची कामं गुपचूप करतो, गटाच्या म्होरक्यालाच आपण माहीत असतो, नाक्यावरच्या पोराला नाही. कारण पटण्यासारखं आहे, पण ते इतकं घाईघाईनं सांगितलं जातं की निम्म्या खेळणाऱ्यांच्या कानावरून जातं. इथे दोष कथनाचा आहे.

हिवतापाकडे आता वळतो, कारण तिथे विरोधकांची सर्वांत मोठी चूक आहे. ते त्याला केवळ त्रास समजतात. गेमची सुरुवात आठवा. आपण टॅक्सीत बसून देशात शिरतो. वाटेत पळून जाणारी कुटुंबं दिसतात, कुठे माळ पेटलेला दिसतो, ड्रायव्हर बोलत राहतो. मग डोळ्यांपुढे अंधारी येते. जाग येते ती हॉटेलच्या खाटेवर, अंगात ताप भरलेला. खाटेशेजारी आपली कागदपत्रं चाळत एक माणूस बसलेला असतो आणि तो जॅकल असतो. ज्याला मारायला आलो तो पहिल्या काही मिनिटांत समोर बसलेला आणि आपल्याला हात उचलता येत नाही. तो आपल्याला मारत नाही. निघून जातो. नायकाला पहिल्याच प्रवेशात असा पाडणारा दुसरा नेमबाजीचा गेम मला माहीत नाही.

पुढे या तापाच्या गोळ्या मिळवायच्या कुठे? बाजारात त्या नाहीत. युद्धातून निसटू पाहणाऱ्या लोकांना मदत करणारी एक भूमिगत साखळी आहे, तिच्याकडे आहेत. त्या हव्या असतील तर लपून बसलेल्या कुटुंबांना देशाबाहेर पडायचे परवाने नेऊन द्यायचे. संपूर्ण गेममध्ये सामान्य माणसासाठी आपण काही करतो ते एवढंच आणि तेही स्वतःच्या गोळीसाठी. गोळ्या संपत आल्या की पावलं आपोआप त्या लोकांकडे वळतात. हा धागा ज्यानं विणला त्याला हिवताप ‘त्रास’ म्हणून टाकायचा नव्हता. वैद्यकाच्या दृष्टीनं मात्र हा ताप सैल आहे. यकृतात दबा धरून पुन्हा पुन्हा उलटणं हा हिवतापाच्या व्हायव्हॅक्स या जातीचा स्वभाव आणि आफ्रिकेत प्राबल्य आहे ते फाल्सिपेरमचं. पण इथे ताप कथेचं काम करतो आणि ते चोख करतो.

पूर्वपक्षाच्या मुळाशी एक गृहीतक आहे. गेमनं खेळणाऱ्याला तल्लीन करावं आणि तल्लीनता मोडणारी प्रत्येक गोष्ट दोष. मराठी समीक्षेनं हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. शोकांतिका पाहताना दुःख होत असूनही आनंद का मिळतो, याची चर्चा करताना न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचं भान पुरतं सोडत नाही. या दुहेरी अवस्थेत त्याला आनंद मिळतो. केळकरांच्या कल्पनेवर पुढे आक्षेप आले आणि त्यातले काही रास्त आहेत. तरी गेमच्या बाबतीत ती मला नाटकापेक्षाही चपखल वाटते, कारण इथे भूमिका नुसती पाहायची नसते, करायची असते. ‘फार क्राय २’ आपल्याला भाडोत्री मारेकऱ्याच्या कातडीत घालतो आणि अडकलेल्या बंदुकीनं, तापानं, हातातल्या कागदी नकाशानं क्षणोक्षणी आठवण देत राहतो की ही कातडी दुबळी आहे. निर्विकल्प तल्लीनता इथे मिळत नाही. तिच्यात बुडालेला माणूस आपण काय करतो आहोत हे विचारत नाही, म्हणून ती न मिळणंच या गेमला हवं होतं.

या अंगानं त्या काळी घडलेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. २००९ मध्ये बेन अब्राहम या ऑस्ट्रेलियन समीक्षकानं हा गेम एकाच आयुष्यात खेळायचं ठरवलं. एकदा मेलो की खेळ संपला, पुन्हा सुरुवात नाही. त्या प्रवासाचा सविस्तर वृत्तांत त्यानं लिहिला. ज्या यंत्रणा इतरांना छळत होत्या त्याच यंत्रणांनी त्याच्या प्रत्येक नाक्याला वजन दिलं. मरण खरं झाल्यावर नाका टाळणं हाही निर्णय होतो.

हॉकिंगच्याच नावावर समीक्षेतली आणखी एक गोष्ट जमा आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या गेमवर टीका करताना त्यानं एक नवी संज्ञा दिली. गेमची कथा एक सांगते आणि खेळण्याचे नियम नेमकं उलटं शिकवतात, या विसंगतीसाठी ती आहे. कथेत नायक दयाळू, खेळात शेकडो माणसं मारणारा, असं पुष्कळ गेममध्ये असतं. बरोबर एक वर्षानं त्याचा स्वतःचा गेम आला आणि तो या कसोटीवर उतरतो. कथा म्हणते, इथे हिंसेनं काही साधत नाही. नियमही तेच म्हणतात. कथा म्हणते, तू या रोगाचा भाग आहेस. नियम आपल्याला तापानं फणफणवतात. पूर्वपक्षाला जे पाच स्वतंत्र दोष दिसतात ते मला एकाच वाक्याचे पाच शब्द वाटतात.

सोबत्यांची व्यवस्था हा या गेमचा सर्वांत श्रीमंत भाग आणि विरोधक त्यावर क्वचितच बोलतात. आपल्यासारखेच भाडोत्री सैनिक इथे ठिकठिकाणचे आहेत. मॉरिशसचा क्वारबानी सिंगही त्यांत आहे. गटानं काम दिलं की सोबत्याचा फोन येतो. तेच काम अधिक वाकड्या आणि अधिक फायद्याच्या वाटेनं करू या, असा त्याचा आग्रह. आपण मरायला टेकलो की तो धावत येतो, ओढत आडोशाला नेतो, हातात बंदूक देतो. पण कधी तोच पडतो. जवळ जाऊन त्याला मॉर्फिनची सुई द्यावी, तर तो आणखी मागतो. पुरेसं औषध नसेल, जखम फार खोल असेल, तर त्याचं दुःख संपवणं एवढंच आपल्या हातात राहतं. हा प्रसंग कथेत ठरलेला नाही. कुठल्याही माळावर, कुठल्याही चकमकीत तो येऊ शकतो. ज्यानं तीन-चार वेळा आपला जीव वाचवला त्याच्यावर बंदूक रोखून बसलेला खेळाडू नाक्यांची कटकट विसरतो.

आणि मग शेवट. हिऱ्यांच्या पेटीसाठी हेच जगलेवाचलेले सोबती आपल्यावर बंदुका रोखतात आणि आपल्याला त्यांना एकेक करून मारावं लागतं. समीक्षक या गेमचा संबंध कॉनराडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या कादंबरीशी जोडतात आणि तो आहेही. पण मराठी वाचकाला इथे महाभारतातलं मौसलपर्व आठवायला हवं. प्रभासक्षेत्री जमलेले यादव जुने वाद काढून हाताला येईल त्या एरका गवतानं एकमेकांना संपवतात. बाहेरचा शत्रू तिथे कुणी नसतो. ‘फार क्राय २’मध्येही शेवटच्या लढाईत दोन्ही गटांचे झेंडे गळून पडलेले असतात. उरलेल्या हिऱ्यांचं काय होतं? ते सीमेवरच्या पहारेकऱ्यांना लाच म्हणून जातात, निर्वासितांना पलीकडे सोडण्यासाठी. अख्खा गेम ज्या हिऱ्यांसाठी आपण खेड्यापाड्यांतून हिरे शोधणाऱ्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकवत फिरलो, ते अखेर लोकांच्या वाटेच्या कामी येतात. आपल्याला आणि जॅकलला जिवंत परत जायची वाट मात्र गेम ठेवत नाही.

आता पूर्वपक्षानं न घेतलेला आक्षेप मीच घेतो, कारण तो खरा आहे. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंनी १९७५ मध्ये कॉनराडवर व्याख्यान दिलं. आफ्रिकेची भूमी पार्श्वभूमी म्हणून वापरायची आणि आफ्रिकेतल्या माणसाला बोलू द्यायचं नाही, गोऱ्या माणसाच्या मनाचा अंधार दाखवण्यासाठी एक खंड खर्ची घालायचा, असा त्यांचा आरोप होता. ‘फार क्राय २’ या आरोपातून सुटत नाही. चर्चमधला पाद्री, पत्रकार रूबेन ओलुवागेम्बी आणि लपलेली काही कुटुंबं सोडली तर या देशात देशातली माणसं नाहीत. बाजार नाही, शाळा नाही, शेतात कुणी नाही. सगळे पळाले, असं कथा सांगते, पण ते सोयीचं स्पष्टीकरण आहे. मालकीचं सुख नाकारण्याइतका धीट गेम मालकांना मात्र पडद्याआड ठेवतो. त्याच्या समर्थकांनी नाके आणि बंदुकांवर पानं भरण्याऐवजी इथे उत्तर शोधायला हवं होतं. मला ते पूर्ण सापडलेलं नाही. रूबेननं घेतलेल्या जॅकलच्या मुलाखतींच्या टेप ऐकताना मात्र वाटतं, की हा गेम रूबेनच्या डोळ्यांतून रचला असता तर काय झालं असतं.

या गोष्टी मराठीत लिहिण्याचं कारणही आहे. गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ युबीसॉफ्टनं २००८ मध्येच, म्हणजे ‘फार क्राय २’च्याच वर्षी, विकत घेतला. तिथे आणि अन्यत्र मराठी मुलंमुली या व्यवसायात काम करत आहेत. नाटकाला, चित्रपटाला आपण जी समीक्षा दिली ती त्यांच्या माध्यमाला देणं बाकी आहे आणि गुण-दोषांच्या यादीपलीकडे जाऊन रचनेचा अर्थ विचारल्याशिवाय ती सुरू होणार नाही.

हा गेम आजही विकत मिळतो, तोही थोड्या पैशांत, आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. पीसीवर तो कुठेही सेव्ह करता येतो. ती सोय वापरू नका, विश्रांतीच्या घरातच सेव्ह करा. बंदूक नेहमी व्यापाऱ्याकडचीच घ्या, पण ती मध्येच मोडली तर मागे न फिरता पडलेली उचला. प्रत्येक नाक्यावर थांबून लढायची गरज नाही. नकाशाच्या टोकांना आणि मध्यभागी बसथांबे आहेत, त्यांनी लांबचा प्रवास वाचतो. नदी असेल तिथे होडी घ्या, रात्री वळसा घालून गवतातून जा. ज्यांनी हा गेम नाक्यांमुळे सोडला त्यांतल्या अनेकांनी बसथांबा पाहिलेलाच नसतो. पार्लरमधल्या त्या मुलाला मी तेवढंच सांगून आलो, आणि हेही की पहिला सोबती गेल्यावर त्यानं मला फोन करावा.